फादर लुईस आणि थॉमस मर्टन

मृत्यूच्या जेमतेम दोन वर्षे आधी, 1967 साली, थॉमस मर्टन यांनी आपल्या तोवरच्या पुस्तकांचा एक आलेख काढला. तळाला अगदी टाकाऊ, माथ्याला सर्वोत्तम, अशा पायऱ्या आखून त्यांनी प्रत्येक पुस्तकाला त्याची जागा नेमून दिली. सर्वांत वरची पायरी त्यांनी रिकामी ठेवली. तिच्या लगत खाली 'द सेव्हन स्टोरी माऊंटन', 'द साईन ऑफ जोनास', 'कंजेक्चर्स ऑफ अ गिल्टी बायस्टँडर' अशी काही पुस्तके आली. तळाशी 'व्हॉट आर दीज वूंड्स?' हे संत लुटगार्ड यांचे चरित्र गेले. लेखकाने स्वतःच्या लेखनाचा असा निवाडा केल्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि व्रतस्थ लेखकाने केल्याची तर त्याहून थोडी. मठाच्या सांगण्यावरून, मठाच्या नावाने लिहिलेले एक धार्मिक चरित्र त्या मठातल्याच माणसाने सर्वांत खाली ढकलावे, ही गोष्ट आपल्यासारख्या धार्मिक नियतकालिकांच्या लेखक-वाचकांनी थोडी थांबून पाहावी अशी आहे.

मर्टन यांचा जीवनक्रम वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. 1915 साली फ्रान्समधील प्राद या गावी जन्म. आईवडील दोघेही चित्रकार, दोघेही लवकर गेले. शिक्षण फ्रान्स, इंग्लंड आणि अमेरिका असे तीन देशांत विखुरलेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असता येशूसंघीय कवी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स यांचे चरित्र त्यांच्या हाती आले. कॅथॉलिक होण्याविषयी हॉपकिन्स यांनी न्यूमन यांना पत्र लिहिले, त्या प्रसंगाशी ते पोचले आणि पुस्तक ठेवून थेट धर्मगुरूंच्या भेटीस गेले. 16 नोव्हेंबर 1938 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. 10 डिसेंबर 1941 रोजी त्यांनी केंटकी राज्यातील गेथसेमनी येथील ट्रॅपिस्ट मठात प्रवेश केला. मौन, शेतीकाम, रात्री दोनच्या सुमारास उठून प्रार्थना असा तेथील नेम होता. मठात त्यांचे नाव फादर लुईस झाले.

मठाकडे निघण्यापूर्वी त्यांनी आपल्या कादंबऱ्यांची हस्तलिखिते जाळली. हॉपकिन्स यांनीही 1868 साली येशूसंघात जाताना आपल्या कविता जाळल्या होत्या. दोघांचीही समजूत एकच होती: देवाला वाहिलेल्या माणसाला स्वतःचा असा शब्द उरत नाही. दोघांच्याही बाबतीत वरिष्ठांनीच ती समजूत मोडली, हे मोठे मौजेचे आहे. 1875 च्या डिसेंबरात 'डॉईशलँड' हे जहाज बुडून पाच फ्रान्सिस्कन भगिनींना जलसमाधी मिळाली. त्यावर कोणी कविता लिहावी, असे हॉपकिन्स यांचे वरिष्ठ सहज म्हणाले आणि सात वर्षांचे मौन सुटले. गेथसेमनीत मठाधिपती डॉम फ्रेडरिक डन हे पुस्तकांत वाढलेले गृहस्थ होते. त्यांनी या तरुण व्रतस्थाला लिहिण्याची आज्ञाच केली. मात्र हॉपकिन्स यांची ती कविता 'द मंथ' या येशूसंघीयांच्याच मासिकाने छापली नाही. कवीच्या मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी, 1918 साली, त्यांचे मित्र रॉबर्ट ब्रिजेस यांनी त्यांच्या कवितांचा संग्रह काढला. मर्टन यांच्या वाट्याला याच्या अगदी उलटे आले. त्यांचे शब्द छापले गेले, फार छापले गेले, आणि त्यातूनच त्यांची कोंडी सुरू झाली.

आज्ञेने लिहिलेले ते वाईट व मनाने लिहिलेले ते चांगले, असा सोपा निष्कर्ष त्या आलेखावरून काढण्याचा मोह होतो. तो टिकत नाही. 'द सेव्हन स्टोरी माऊंटन' हे आत्मचरित्रही मठाधिपतींच्या प्रोत्साहनानेच लिहिले गेले. फरक आज्ञेचा नाही. लेखक त्या मजकुरात उभा आहे की नाही, याचा आहे. जपानात गेलेल्या एका ट्रॅपिस्ट भगिनीचे 'एक्झाईल एन्ड्स इन ग्लोरी' हे चरित्र किंवा संत लुटगार्ड यांचे चरित्र वाचताना सतत जाणवते की या वाक्यांना कोणी माणूस बोलत नाही. विशेषणे आधीच शिवून ठेवलेली आहेत. ज्याच्या अंगावर घालावीत त्या संताला ती बसतात. अशा चरित्रांशी आपणही परिचित आहोत. सणाच्या नोव्हेनाच्या पुस्तिकांतून आपल्याला भेटणाऱ्या कितीतरी संतांचे चेहरे एकमेकांसारखे असतात, त्याचे कारण त्या संतांत खचितच नाही.

आत्मचरित्राची कथा निराळी आहे. प्रकाशनापूर्वी ते संघाच्या परीक्षकांकडे गेले, तेव्हा त्यांतील एकाने असा अभिप्राय दिला की, लेखकाला अद्याप असले लेखन जमत नाही. त्याने पत्रद्वारे इंग्रजी व्याकरणाचा अभ्यासक्रम पुरा करावा. मर्टन यांचे मित्र व संपादक रॉबर्ट जिरू यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. केंब्रिजमधील बेशिस्त वर्षाविषयीचा स्पष्ट मजकूरही गाळावा लागला. 4 ऑक्टोबर 1948 रोजी पुस्तक निघाले आणि बांधीव आवृत्तीच्याच सहा लाखांवर प्रती खपल्या. दारिद्र्याच्या व्रतामुळे मानधन मठाकडे गेले. पुढच्या वर्षी इव्हलिन वॉ या कादंबरीकाराने बरीच कात्री चालवून इंग्लंडसाठी 'इलेक्टेड सायलेन्स' या नावाने त्याची आवृत्ती काढली. हे नाव हॉपकिन्स यांच्याच एका कवितेतून उचललेले आहे.

आज ते पुस्तक पुन्हा वाचताना त्यात दोन आवाज ऐकू येतात. एक आवाज नुकतीच दीक्षा घेतलेल्या माणसाचा आहे. तो इतर पंथांविषयी तुच्छतेने बोलतो, जगाला सरसकट मोडीत काढतो आणि परिच्छेदाच्या शेवटी प्रवचन देतो. नव्या गणवेशाची इस्त्री अजून मोडलेली नाही, तसा तो आवाज आहे. दुसरा आवाज धाकट्या भावाविषयी बोलतो. जॉन पॉल हा विमानदलातला तरुण 1942 मध्ये मठात भेटीला आला. थोरल्याने त्याला धर्मशिक्षण दिले आणि त्याचा बाप्तिस्मा झाला. त्या दिवसांत एकदा मर्टन प्रार्थनामंदिरात खाली होते आणि जॉन पॉल वरच्या सज्जात एकटाच गुडघे टेकून बसला होता. खाली कसे यावे हे त्याला उमगेना. मौनाच्या नियमामुळे थोरल्याला हाक मारून सांगता येईना. लहानपणी आपण या भावाला खेळात घेत नसू, तो दूर उभा राहून पाहत असे, हे मर्टन यांना तेथे आठवते. एप्रिल 1943 मध्ये जॉन पॉलचे विमान समुद्रात कोसळले. या पानांवर प्रवचन नाही. पण मठ नसता, मौन नसते, तर ही पानेही नसती. सज्जातले ते अंतर मठानेच निर्माण केलेले आहे. व्रताचा नियम आणि भावाचे प्रेम एकाच क्षणी एकाच माणसात भिडले, म्हणून ते लेखन झाले.

मला मर्टन यांच्या लेखनाची किल्ली येथे दिसते. खासगी आणि नेमून दिलेले असे दोन कप्पे त्यांनी जेव्हा वेगळे ठेवले, तेव्हा दोन्हीकडचे लेखन अशक्त झाले. 'द साईन ऑफ जोनास' (1953) हे पुस्तक याचा चांगला पुरावा आहे. 1946 ते 1952 या काळातील रोजनिशीतून ते तयार झाले. हयात व्रतस्थाने आपली रोजनिशी छापावी, ही कल्पनाच संघाच्या वरिष्ठांना रुचली नाही. तत्त्वचिंतक जॅक मारिटेन यांनी रदबदली केली तेव्हा परवानगी मिळाली. पुस्तकाच्या अखेरीस 4 जुलै 1952 च्या रात्रीची नोंद आहे. त्या रात्री मर्टन यांच्याकडे आगीच्या पहाऱ्याची पाळी होती. हातात दिवा घेऊन तळघरापासून मनोऱ्यापर्यंत फिरायचे, कोठे धूर-ठिणगी नाही ना हे पाहायचे. हे नेमून दिलेले, अगदी वॉचमनचे काम. पण प्रत्येक खोलीत गतवर्षांचे काही दडलेले आहे: येथे आपण नवखे असताना झोपत होतो, येथे भाजी निवडली. पहारेकरी पायरी-पायरीने वर चढतो आणि नकळत स्वतःच्या आयुष्याची तपासणी करू लागतो. मनोऱ्यावर दार उघडते तेव्हा समोर केंटकीची टेकाडे आणि रात्र असते, आणि तो देवाशी बोलू लागतो. कामाचा एकही तपशील त्यात सुटत नाही. आध्यात्मिक लेखन म्हणजे तपशील सोडून वर तरंगणे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही पाने अवश्य वाचावीत.

मर्टन यांच्या सात खंडांतील रोजनिश्या 1995 ते 1998 या काळात प्रसिद्ध झाल्या. तेव्हापासून एक मत फार ऐकू येते: खरे मर्टन रोजनिशीत आहेत, हयातीत छापलेले मर्टन हे चाळलेले, परीक्षकांनी पुसलेले आहेत. हे मत मला मान्य नाही. यासाठी एकच उदाहरण बारकाईने पाहू. 18 मार्च 1958 रोजी मर्टन मठाच्या कामासाठी लुईव्हिल शहरात गेले होते. फोर्थ आणि वॉलनट या दोन रस्त्यांच्या चौकात, दुकानांच्या गर्दीत उभे असताना त्यांना अकस्मात जाणवले की, ही सारी माणसे आपली आहेत, यांतला कोणीही आपल्याला परका नाही. (त्यातील वॉलनट रस्त्याला पुढे मुष्टियोद्धे महंमद अली यांचे नाव दिले गेले, ते त्याच शहराचे सुपुत्र.) दुसऱ्या दिवशी त्यांनी रोजनिशीत त्याची नोंद केली. ती आटोपशीर आहे. तिच्यात 'प्रॉव्हर्ब' या स्वप्नात दिसलेल्या मुलीशी या अनुभवाचे नातेही जोडले आहे. आठ वर्षांनी 'कंजेक्चर्स ऑफ अ गिल्टी बायस्टँडर' मध्ये तोच प्रसंग आला तेव्हा प्रॉव्हर्ब गळून गेली. नोंद विस्तारली. माणसे सूर्यासारखी तेजाळ फिरत आहेत आणि त्यांना ते सांगायचे कसे, हा आज जगभर उद्धृत होणारा विचार त्या विस्तारात आला. प्रत्येकाच्या गाभ्यात देवाखेरीज कोणाचा हात न पोचलेला एक बिंदू आहे, ही कल्पनाही तेथेच मांडली गेली.

आता खरे कोणते? रोजनिशीतील नोंद अनुभवाला जवळची आहे, यात शंका नाही. पण ती लेखकाची आहे आणि लेखकाजवळच राहते. स्वप्नातील मुलगी आपल्याला ओळखीची नाही. पुस्तकातील मजकुरात मर्टन यांनी स्वतःपुरते होते ते बाजूला केले आणि त्या चौकात वाचकाला उभे राहायला जागा केली. हे परीक्षकाच्या भीतीने केलेले नाही. जो मठवासी आपण जगावेगळे आहोत या समजुतीतून जागा झाला, त्याने आपल्या लेखनातूनही जगावेगळे ते काढून टाकावे, हे त्या अनुभवाशी सुसंगतच होते. काटछाट म्हणजे नेहमीच असत्य नव्हे. आठ वर्षे तो मजकूर वहीत मुरला, याचेही काही श्रेय आहेच. आज वहीतले पान लिहिल्या क्षणी हजारोंपुढे जाऊ शकते; तेव्हा ते अशा रीतीने मुरायला वेळ कोठून मिळणार, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

परंतु काटछाट कधी कधी अन्यायही असते, आणि मर्टन यांनी तोही सोसला. 1961 पासून ते अण्वस्त्रांविरुद्ध व युद्धाविरुद्ध लिहू लागले. व्रतस्थाने प्रार्थनेविषयी लिहावे, बॉम्बविषयी नव्हे, असे संघप्रमुख डॉम गॅब्रियल सोर्ताई यांचे मत होते. 1962 च्या वसंतात त्यांनी मर्टन यांना या विषयावर छापील लेखन करण्यास मनाई केली. 'पीस इन द पोस्ट-ख्रिश्चन इरा' हे तयार पुस्तक छापखान्याऐवजी कपाटात गेले. ते 2004 साली निघाले. मर्टन यांनी आज्ञा पाळली, पण पत्रे लिहिणे थांबवले नाही. मित्रांना लिहिलेली एकशे अकरा पत्रे सायक्लोस्टाईल करून 'कोल्ड वॉर लेटर्स' या नावाने हातोहात फिरली. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1963 मध्ये, पोप तेविसावे जॉन यांचे 'पाचेम इन तेर्रिस' हे परिपत्रक निघाले आणि मर्टन जे म्हणत होते त्यातील पुष्कळसे साक्षात पोपमहोदयांच्या नावाने जगापुढे आले. तरीही संघाची मनाई उठली नाही.

ही पत्रे म्हणजे आज्ञाभंग होता काय? काहींना तसे वाटते. पत्र हे खासगी असते, शंभरांना वाटले की ते खासगी राहत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्यात तथ्य आहे, हे नाकारता येत नाही. माझ्या मते मर्टन यांनी आज्ञेचा शब्द पाळला आणि विवेकाला शब्दशः गप्प बसवले नाही. ही तारेवरची कसरत होती व तिच्यात ते दर वेळी डौलाने उभे राहिले असे नाही. पत्रांत कोठे कोठे वरिष्ठांविषयीचा कडवटपणा शांततेच्या विषयाला झाकोळून टाकतो. परंतु या बंदीचा लेखनावर एक परिणाम झाला, तो नोंदवला पाहिजे. व्यासपीठावरून 'मानवजातीस' बोलण्याची सोय उरली नाही, म्हणून त्यांना एकेका माणसाला उद्देशून लिहावे लागले. त्या पत्रांतली भाषा निबंधांहून सरळ आहे.

रोजनिश्यांचा आणखी एक प्रश्न आहे, आणि कुटुंबवत्सल वाचकांना तो माझ्याहून लवकर कळेल. खासगी वहीत लिहिणारा एकटा असतो, पण त्या वहीत इतर माणसे असतात. डॉम जेम्स फॉक्स हे 1948 पासून मर्टन यांचे मठाधिपती. त्यांच्याविषयी रोजनिशीत फार तिखट मजकूर आहे: व्यापारी वृत्तीचे, संशयी, आपल्याला कोंडून ठेवणारे. याच डॉम जेम्स यांनी पापनिवेदनासाठी वर्षानुवर्षे मर्टन यांचीच निवड केली होती. ज्याच्याशी रोज मतभेद, त्याच्याचपुढे गुडघे टेकून अंतःकरण उघडे करणारा तो माणूस रोजनिशीत नाही. असणेही शक्य नव्हते, कारण पापनिवेदनाचे गुपित मर्टन यांनी राखले. म्हणजे वही जितकी मोकळी, तितकीच ती अपुरीही. रोजनिश्या छापून आल्या तेव्हा डॉम जेम्स हयात नव्हते. त्यांची बाजू कोठल्याही वहीत नाही.

1966 साली लुईव्हिलच्या इस्पितळात शस्त्रक्रियेनंतर शुश्रूषा करणाऱ्या एका तरुण परिचारिकेवर मर्टन यांचे प्रेम जडले. अखेर ते आपल्या व्रताकडे परतले. हा भाग लपवू नये, अशी त्यांची स्वतःची इच्छा होती आणि सहाव्या खंडात तो आलाही. स्वतःचा दुबळेपणा न लपवणे हे धैर्याचे आहे, हे मी मान्य करतो. पण ते धैर्य दाखवताना दुसऱ्या एका जिवंत व्यक्तीचे आयुष्यही उघडे होते, आणि तिची संमती पानांवर दिसत नाही. मर्टन यांनी 1967 साली विश्वस्त मंडळ नेमले आणि रोजनिश्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षे संपूर्ण छापू नयेत, अशी अट घातली. ही अट शहाणपणाची होती. ती पुरेशी होती असे मात्र मला वाटत नाही.

आपल्या भाषेतील ख्रिस्ती लेखनाच्या आरंभीही असा दुपदरी लेखक उभा आहे. फादर थॉमस स्टीफन्स 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यात उतरले आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी इंग्लंडमधील वडिलांना पत्र लिहिले. त्या पत्रात लिस्बनपासूनचा प्रवास आहे, खलाशांना ग्रासणारा हिरड्यांचा रोग आहे, उडणारे मासे आहेत, वाऱ्याची चुकलेली दिशा आहे. मुलगा वडिलांना सांगतो तसे ते सारे आहे. रिचर्ड हॅक्लूट यांनी 1589 साली आपल्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात ते छापले, ते दर्यावर्दींच्या उपयोगाकरिता. एका येशूसंघीयाचे घरगुती पत्र अशा रीतीने व्यापारी माहिती बनले. उलट 1616 साली रायतूर येथे छापलेले ख्रिस्तपुराण हे धर्मकार्य म्हणून हाती घेतलेले लेखन. तरी मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्यांत एका परदेशी माणसाचे अगदी वैयक्तिक प्रेम ओसंडते. ते प्रेम मिशनच्या कोणत्याही आदेशात बसणारे नव्हते. आपल्याकडील पुढच्या कितीतरी धार्मिक लेखनात नेमका हाच ओलावा आटला. शिक्षक, परिचारिका, बँकेतील कर्मचारी, धर्मगुरू अशी अनुभवाने श्रीमंत माणसे आपल्या नियतकालिकांत लिहितात. पण लेखणी उचलताच स्वतःचे काम, स्वतःची भाषा बाहेर ठेवून प्रवचनाचा झगा अंगावर चढवतात. वसईच्या वाडीत केळी लावणारा लेखक 'जीवनाच्या उद्याना'विषयी लिहितो आणि केळीचे नाव काढत नाही, तेव्हा मला संत लुटगार्ड यांचे ते चरित्र आठवते.

मर्टन यांच्या अखेरच्या प्रवासातील लेखन 'द एशियन जर्नल' या नावाने 1973 साली निघाले. ऑक्टोबर 1968 मध्ये ते कलकत्त्यास उतरले, धर्मशाला येथे दलाई लामा यांना तीनदा भेटले, मद्रासला संत तोमा यांच्या टेकडीवर त्यांनी मिस्सा अर्पण केली. या प्रवासात त्यांच्याजवळ तीन वह्या होत्या: एक पुढे प्रकाशित करण्यासाठी, एक खासगी, आणि एक खिशातली, जिच्यात पत्ते, खर्च, वाचलेल्या पुस्तकांतील उतारे व कवितांचे कच्चे खर्डे होते. संपादकांनी तिन्ही एकत्र गुंफल्या. वाचायला हे सोयीचे झाले आहे, पण कोणते वाक्य कोणत्या वहीतले हे कळेनासे झाले. मला ही गुंफण पटत नाही. लेखकाने मुद्दाम राखलेले अंतर संपादकाने पुसू नये. श्रीलंकेतील पोलोन्नरुवा येथील विशाल बुद्धमूर्तींपुढे उभे राहून आल्यावर मर्टन यांनी दोन-तीन दिवस त्याविषयी काहीच लिहिले नाही. घाईने लिहिता येईना, असे त्यांनीच पुढे नमूद केले. तिन्ही वह्या जवळ असूनही ते थांबले. मग जे लिहिले ते पान-दीड पान आहे आणि आशियातील लेखनात सर्वांत भरीव आहे.

10 डिसेंबर 1968 रोजी, मठप्रवेशाच्या बरोबर सत्तावीस वर्षांनी, बँकॉकजवळ एका परिषदेत भाषण दिल्यानंतर त्यांचा अपघाती मृत्यू झाला. खासगी वहीतील शेवटची नोंद 8 डिसेंबरची, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाची आहे. तीत दिवसाचा बेत लिहिला आहे: सेंट लुईस चर्चमध्ये मिस्सा, पोपप्रतिनिधींच्या निवासस्थानी जेवण आणि दुपारी रेडक्रॉसच्या जागेकडे प्रस्थान.